खुर्च्यांचे मोजे

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र, आणि तेही चांगलं लांबलचक, म्हणजे याला काहीतरी हवंय हे तू ओळखलं असशीलच. हवंय. पैसे नकोत, वशिला नको. मोजा कसा विणायचा तेवढं पुन्हा लिहून पाठव. त्या वर्षी फाटकाला लाथ मारून मी पाय मोडून घेतला होता आणि पलंगावर थयथयाट करत होतो, तेव्हा तू हातात सुया देऊन मला गप्प बसवलं होतंस. सुलट-उलट अजून हातात आहे. गोल विणताना टाके सुयांवर कसे वाटायचे ते मात्र साफ विसरलोय. मोजा माझ्यासाठी नाही, खुर्चीसाठी आहे. एका खुर्चीला चार, अशा वाचनालयभर खुर्च्यांसाठी!

हसून झालं असेल तर ऐक. मी काम करतो त्या सायकलच्या दुकानासमोर एक दुमजली इमारत आहे. खाली दातांचे डॉक्टर, वर वाचनालय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वर जाऊन वर्तमानपत्र वाचतो. वाचतो म्हणजे उघडून बसतो. दाराजवळच्या टेबलाशी जी बसते ना, तिच्यामुळे. नाव मला ठाऊक आहे, पण कागदावर लिहायला गेलं की कान तापतात. वाचणारे तिला पाठीमागे शू म्हणतात, मीही तेच लिहितो. खरं तर ती शू म्हणतच नाही. पेन्सिल उलटी धरून टेबलावर एकदा टेकवते आणि एक भुवई उचलते. बस्स. भलेभले मांजर होतात.

आता संकट सांगतो. फरशी उघडी, खुर्च्या लाकडी आणि जड. कुणी उठलं की असा कर्र आवाज होतो की दात आंबतात. आणि खाली तर माणूस खरोखरच दात उघडे टाकून बसलेला असतो. डॉक्टरांचं म्हणणं, ऐन दाढ कोरताना वर खुर्ची किंचाळते, पेशंट दचकतो, एखाद्या दिवशी हात घसरेल. त्यांनी विश्वस्तांकडे तक्रार केली. आवाज थांबत नसेल तर वाचनालय बंद, पुस्तकं मुख्य ग्रंथालयात आणि शूची बदलीही तिकडेच, असं विश्वस्तांचं ठरतंय. मुख्य ग्रंथालय दुसऱ्या गावात आहे, आत्या! दुसऱ्या गावात! रबरी बुचं लावून पाहिली, ती आठवड्यात झिजली आणि वर चूंचूं करायला लागली. सतरंजी घालायला त्यांच्याकडे पैसे नाहीत.

काल विश्वस्तांच्या चिटणीसबाई हेच सांगायला वर आल्या. शू मान खाली घालून ऐकत होती. माझं डोकं फिरलं. मला कुणी विचारलेलं नसताना मी उभा राहिलो (माझी खुर्चीही किंचाळलीच) आणि भर वाचनालयात सांगून टाकलं की महिनाभरात यातली एकही खुर्ची हूं की चूं करणार नाही, जबाबदारी माझी. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, चार फेब्रुवारीला त्या स्वतः खाली डॉक्टरांकडे बसून कान देऊन ऐकतील.

लोकर विकत घ्यायची नाही. घरोघरी कोपरं फाटलेले स्वेटर पडलेत. सुया म्हणजे सायकलचे जुने स्पोक, टोकं घासून गुळगुळीत केलीत. मोजा पायावरून घसरू नये म्हणून वर पंक्चर ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. सगळं भंगार, सगळं फुकट, आणि काम एकदम पक्कं! मला आत्तापासूनच झोप लागेनाशी झालीय.

प्राध्यापकांशी भांडून वर्गातून उठलो तो परत गेलो नाही, तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. त्यांना यातलं काही लिहू नकोस.

उलटटपाली कृती पाठव. तुझी माया आहेच, या खेपेला तीत थोडी घाई मिसळ.

तुझा,
बंब्या

ता. ११ जानेवारी

चि. बंब्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग आम्ही दोघांनी घरातल्या खुर्च्यांकडे पाहिलं. तुझे काका म्हणाले, आपल्याही खुर्च्यांना थंडी वाजत असेल, बिचाऱ्या बोलत नाहीत इतकंच. असो. बंब नुसता धूर सोडायचा, आता पाणीही तापवायला लागला, याचा मला फार आनंद झाला.

आधी लोकर. दिसेल तो स्वेटर घेऊन कात्री चालवू नकोस. शिवण उलटून पाहा. कापड कापून शिवल्यासारखी कड असेल तर तो यंत्राचा. उसवलास तर हातभर लांबीचे तुकडे निघतील. ते फेकू नकोस, मोज्याच्या तळात भरायला होतील. हाती विणलेला असेल तर बाजूच्या शिवणी सोडवून गळ्याकडून उसवायला घे. खालून सुरुवात केलीस तर गुंता होईल, मग तू तो रागाने ओढशील, मग संपलंच. उसवलेली लोकर कुरळी असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात भिजव. कोमट! उकळत्या पाण्यात घातलीस तर लोकर आटून तिचा घट्ट नमदा होईल. पिळायची नाही. दोरीवर टांग आणि खाली वजन लटकव, सरळ होईल.

मोज्याची कृती मागच्या पानावर आहे, चित्रासकट. वरचा भाग दोन सुलट दोन उलट, म्हणजे पाय धरून ठेवेल. तळ दुहेरी, आत तुकडे ठासून. जमिनीला लोकरच लागली पाहिजे, रबर नाही. आणि कामाला लागण्याआधी बोटभर रुंदीची एक पट्टी विणून मला पाठव. तुझा हात कसा पडतो ते पाहू दे.

एक विचारायचं राहिलं. तिची बदली होणार म्हणून तू पेटलास, पण बदलीबद्दल तिला स्वतःला काय वाटतं? विचारलंस का?

घरच्या सगळ्यांना आठवण सांग. तुझ्यावरची माया उसवून संपेल इतकी थोडी नाही.

तुझी,
आत्या

ता. १९ जानेवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

विशेष म्हणजे मला थंडी वाजते आहे. माझा तपकिरी स्वेटर दाराशेजारच्या पिशवीत होता. पिशवी रफू करायला द्यायची म्हणून ठेवली होती. तुझ्या लाडक्याने ती दान समजून उसवली. आता तो स्वेटर कुठल्याशा वाचनालयात दोन-तीन खुर्च्यांच्या पायात जाणार आहे, असं त्याच्या आईकडून कळलं. तिनेही माझे जुने पायमोजे त्याला कापायला दिले. या घरात आता खुर्चीला माझ्यापेक्षा मान आहे.

तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, कारण पट्ट्या तुझ्याकडे जातात. जेवताना विणतो, दात घासताना विणतो. पाणीखात्यात मीटर वाचणाऱ्या आम्हा मंडळींत ही बातमी पोचली आहे आणि रोज कुणीतरी मला विचारतं की चिरंजीव कुठल्या इयत्तेला विणकाम शिकवतात. मी हसतो. काय करणार?

वर्षं घालवून तो पुस्तकाला चिकटला नाही, याला चिकटेल का? तुला काय वाटतं ते कळव. मी विचारलं म्हणून त्याला सांगू नकोस.

भाऊजींना नमस्कार. एखादा जुना स्वेटर पडून असेल तर पाठव, पण माझ्या नावाने, बंद पार्सलात.

तुझा,
धाकटा

ता. २४ जानेवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

आत्या, तू चेटकीण आहेस! पट्टी मिळाल्यावर तू कार्डावर एवढंच लिहिलंस की मधल्या भागात टाके आवळलेत, तिथे कुणाशी भांडलास. अगं, तिथेच भांडलो होतो. डॉक्टरांचा कंपाउंडर दुकानात हवा भरायला आला आणि म्हणाला, खुर्च्यांना झबली-टोपडीही शिवणार का? मी पंप फेकला. लागला नाही त्याला.

पण ते सोड. मोजे झाले! सगळे! गल्लीतल्या बायकांनी पोतंभर स्वेटर दिले. आमच्या दुकानाचे मालक रोज कटकट करतात, पण ट्यूबच्या चकत्या तेच कापून देतात आणि माझ्यापेक्षा गोल कापतात. काल वाचनालय बंद असताना मी आणि शू, दोघांनी मिळून ते चढवले. ती खुर्ची कलती धरायची, मी खाली बसून मोजा ओढायचा. निळे, तपकिरी, एक पिवळा, दोन पट्ट्यापट्ट्यांचे. सगळं झाल्यावर तिने एक खुर्ची एका बोटाने ओढली. आवाज नाही. दुसरी ओढली. नाही! आणि ती हसली, आत्या. तिचा एक दात जरासा वाकडा आहे हे मला काल कळलं. मी घरी कसा पोचलो ते आठवत नाही.

आता आजचं ऐक आणि रड. सकाळी लोक आले, बसले, आणि सगळं वाचनालय डुलायला लागलं. होडीत बसल्यासारखं! प्रत्येक खुर्चीचा एक पाय वर, एक खाली. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचं अक्षर दारू प्यायल्यासारखं येऊ लागलं. रिटायर्ड पोस्टमास्तर रोज कोपऱ्यात पेंगतात, ते डुलता डुलता शेजारच्याच्या खांद्यावर गेले. शूने कागदाच्या घड्या करून पायांखाली सरकवल्या, तर कुणी खुर्ची ओढली की घडी मागेच राहते. शेवटी ती मला अगदी हळू म्हणाली की आधी खुर्च्या ओरडत होत्या, पण उभ्या तरी होत्या.

मोजे तर सगळे एकाच कृतीचे. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच. मग एकाचा तळ दगडासारखा आणि दुसऱ्याचा उशीसारखा का? मला वाटतंय सगळे उसवावेत आणि पेटवून द्यावेत. हातात दिवस किती थोडे राहिलेत! चार तारखेला चिटणीसबाई येणार, लोक खुर्च्यांवरून कलंडणार, वाचनालय जाणार आणि ती जाणार.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही, तिला विचारलं नाही. यात विचारायचं काय? जायचं म्हटल्यावर कुणाला बरं वाटेल?

लवकर लिही. तुझं प्रेम आहे म्हणून मी अजून काडी ओढलेली नाही.

तुझा,
बंब्या

ता. २८ जानेवारी

चि. बंब्यास,

अ. उ. आ.

काडेपेटी खाली ठेव. एकही टाका उसवायचा नाही.

कृती एक होती, पण विणणारे तिघे होते. एक तू रागातला. तो लोकर आवळतो, तळ घट्ट होतो, खुर्चीवर कुणी बसलं तरी दबत नाही. दुसरा तू तिला पाहून आलेला. तो सैल सोडतो, तळ दबून बसतो. तिसरा वेळेवर जेवलेला, तो बरा. मला कळायला हवं होतं. पट्टी पाहूनच लिहायला हवं होतं, पण मला वाटलं, पोराचा उत्साह कशाला मोडा.

आता असं कर. सगळे मोजे काढ. एकेकाचा तळ अंगठ्याने दाब. न दबणारे एका ढिगात, खोल दबणारे दुसऱ्या, बाकीचे तिसऱ्या. मग एका खुर्चीला चारही पाय एकाच ढिगातले चढव. रागाचे चार एकत्र आले की ते खुर्चीला छान तोलून धरतात. सैलांचंही तसंच. एखादी खुर्ची दुसरीपेक्षा करंगळीभर उंच होईल, होऊ दे. माणसं तरी कुठे एका उंचीची असतात! रंग जुळतात की नाही ते बघत बसू नकोस.

आणि राजा, तुझ्या दोन पत्रांत तिची भुवई आहे, पेन्सिल आहे, आता वाकडा दातही आला. तिचं म्हणणं मात्र एका ओळीत नाही. सुया खाली ठेव आणि विचार.

तुझ्या बाबांना एक पार्सल पाठवलं आहे. तू उघडू नकोस, उसवू तर मुळीच नकोस.

आम्ही दोघं इथे चार तारखेची वाट पाहतो आहोत. आमचा जीव तुझ्यात आहे, तो जास्त आवळू नकोस.

तुझी,
आत्या

ता. ५ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

राहिलं! राहिलं! वाचनालय राहिलं! आता क्रमाने सांगतो, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र घेऊन मी धावत वर गेलो आणि शूपुढे ठेवलं. मग आठवलं की त्यात दाताबद्दल लिहिलंय. तोवर तिने वाचलं होतं. कान लाल झाले. माझे नव्हे, तिचे! मग वाचनालय बंद झाल्यावर आम्ही टेबलावर सगळे मोजे ओतले आणि दाबायला बसलो. ढीग वाढत गेले. रागाचा लहान निघाला. मधला त्याहून लहान. आणि सैल मोज्यांचा असा वाढला की टेबलावरून खाली सांडायला लागला. तिने त्यातला एक उचलून बराच वेळ अंगठ्याने दाबला आणि विचारलं की या दिवसांत नेमकं काय झालं होतं. मी म्हणालो, हवा चांगली होती.

खुर्च्या उभ्या राहिल्या, आत्या. एकही डुलत नाही. रागाच्या खुर्च्या जरा उंच आहेत, तर पोस्टमास्तर त्यातलीच पकडतात. म्हणतात, गुडघ्याला बरी.

काल चिटणीसबाई आल्या आणि खाली डॉक्टरांकडे जाऊन बसल्या. वर जागा नव्हती इतके लोक होते. शूने हात वर केला की सगळ्यांनी उठायचं, खुर्ची मागे सारायची, पुढे ओढायची, बसायचं. पुन्हा उठायचं. माणसंच माणसं हलताहेत आणि आवाज कसला तो नाही! कुणाचे श्वास ऐकू येत होते. शेवटचा हात खाली आला, सगळे बसले, आणि शूने माझ्याकडे पाहिलं.

मग मी ओरडलो.

मुद्दाम नाही गं. आतूनच आलं. अशी आरोळी ठोकली आणि अशी उडी मारली की कपाटाच्या काचा हलल्या. पोस्टमास्तरांचा चष्मा पडला. आणि मग माझ्या लक्षात आलं की खाली बाई कान लावून बसल्यात. सगळं मी केलं आणि सगळं मीच घालवलं. कुणी हलेना. शूने पेन्सिल टेकवली, पण भुवई उचलली नाही. सरळ माझं सभासदाचं कार्ड काढून त्यावर लिहिलं की आठ दिवस आत यायचं नाही.

मी दाराबाहेर पडतोय तर समोरून चिटणीसबाई जिना चढून येताहेत, आणि हसताहेत! मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, घरचंच दिसतंय. काय घरचं ते मला अजून कळलेलं नाही. आत जाऊन त्यांनी जाहीर केलं की खुर्च्यांबद्दल तक्रारीला जागा उरलेली नाही, वाचनालय इथेच राहील. आरोळीचं काय झालं, कुणी सांभाळून घेतलं, काही पत्ता नाही. डॉक्टरही काही बोलले नाहीत.

मी जिन्यावर बसून राहिलो. सुट्टीत शू डबा घेऊन बाहेर आली आणि एक पायरी सोडून बसली. मी विचारलं. अखेर विचारलं. बदलीचं. ती म्हणाली, बदलीला तिने केव्हाच नाही म्हणून कळवलं होतं. नोकरी गेली असती तर इथेच दुसरी शोधली असती, ती काही पुस्तकांबरोबर पोत्यात भरून न्यायची वस्तू नाही. तिला काळजी होती ती खोलीची, घरी टेबल नसलेल्या त्या पोरापोरींची. आणि म्हणाली, हे तिला विश्वस्तांनी विचारलं नाही, डॉक्टरांनी नाही आणि महिनाभर तिच्यासाठी विणणाऱ्यानेही नाही. आत्या, हे तू दोनदा लिहून विचारलं होतंस. पण मग, एवढं झालंच आहे तर दुसरंही विचारून टाकलं. ते काय ते तू ओळख.

ती जेवत राहिली. डबा बंद केला. मग म्हणाली, बंदी आठ दिवसांची आहे, ती रोज याच वेळी या पायरीवर जेवते. माणूस आठ दिवस न ओरडता शेजारी बसू शकतो का ते ती पाहील, मग बोलेल.

आज पहिला दिवस झाला. मी ओरडलो नाही! घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून ओरडलो, ते धरत नाहीत ना?

काकांना सांग, तुमच्या खुर्च्यांचं माप पाठवा. तुझ्या मायेवर हा सगळा डोलारा उभा आहे, ती अशीच राहू दे.

तुझा,
बंब्या

ता. ५ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. भाऊजींचा स्वेटर मला ढगळ होतो, पण ऊब आहे.

काल मी दाढ काढून घेतली. बरीच जुनी कीड होती. नेमका कालचाच दिवस का, आणि गावात दुसरे दातांचे डॉक्टर असताना तिथेच का, असं तू विचारशील. विचारू नकोस.

मी खुर्चीत होतो, इंजेक्शन देऊन झालं होतं, अर्धं तोंड बधिर आणि उरलेल्या अर्ध्यात कापूस. शेजारी स्टुलावर त्या चिटणीसबाई, मान वर करून छताकडे पाहत. डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. आम्ही तिघंही ऐकत होतो. काही नाही. डॉक्टर म्हणाले, वर कुणी हलतच नसेल, तुम्ही आलात म्हणून सगळ्यांना खिळवून ठेवलं असेल. बाईंनी कंपाउंडरला वर पाठवलं. तो जिन्यावरून पाहून आला आणि सांगितलं की सगळे उठबशा काढताहेत. तरी काही नाही. अक्का, तुला सांगतो, मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की डॉक्टरांना वाटलं इंजेक्शन उतरलं.

आणि मग वरून ते आलं. धप्प, आणि त्याच्या जोडीने अशी काही आरोळी की ट्रेमधली हत्यारं वाजली. डॉक्टरांनी बोट वर केलं, हेच, हेच म्हणून. बाईंनी मान हलवली आणि उठायला लागल्या.

मी कापूस काढला. सांगितलं की तो आवाज खुर्चीचा नाही, माझ्या मुलाचा आहे. ओठ हलेनात, कुणाला काही कळलं नाही. पुन्हा सांगितलं. बाई वाकून विचारायला लागल्या, फार दुखतंय का म्हणून. तेव्हा मी खुर्चीतून उठलो, गळ्यातल्या फडक्यासकट, आणि तिसऱ्यांदा सांगितलं. ते इतक्या मोठ्याने गेलं की बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. त्यातला एक आमच्याच खात्यातला आहे, म्हणजे उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल की माझा मुलगा काय करतो. कळू दे.

बाईंनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना जे हसू फुटलं ते वर जाईपर्यंत थांबलं नाही. डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी मला परत बसवलं, नवा कापूस घातला आणि म्हणाले की खुर्च्यांबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

मुलाला यातलं काही लिहू नकोस. अजून गाल सुजलेला आहे. उतरला की मीच सांगणार आहे.

भाऊजींना नमस्कार. तुझा आशीर्वाद दोघांनाही असू दे, मला आणि त्याला.

तुझा,
धाकटा